नाजूक पोटासाठी काय निवडावे

पुष्कळ माणसे म्हणतात, "आमचे पोट हलके आहे. जरा काही खाल्ले की पोट फुगते." कुणाला छातीत जळजळ होते. कुणाला जेवण होताच परसाकडे पळावे लागते. मग ही माणसे काय करतात? दुकानातून बिस्किटांचा पुडा आणतात. ताकदीची म्हणून भुकटीचा डबा आणतात. घरच्या भाकरीला मात्र नावे ठेवतात. महाग आहे त्याअर्थी चांगलेच असणार, असे त्यांना वाटते.

आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. नाजूक पोटाला निराळे अन्न लागत नाही. तेच अन्न लागते, पण ते नीट पारखून घेतलेले लागते. धडधाकट गडी एखादे वेळी वाईटसाईट खाऊन निभावून नेतो. नाजूक पोट निभावत नाही. ते लगेच तक्रार करते.

आधी धान्य पाहू. बाजरीचेच घ्या. "मला बाजरी बाधते," असे आम्ही कितीदा तरी ऐकले आहे. कधी कधी बाजरी बाधत नाही, बाजरीतला अरगट बाधतो. अरगट हा बाजरीच्या कणसावर पडणारा रोग आहे. फुलोऱ्यात पाऊस आणि ढगाळ हवा असली की तो फार पडतो. आधी कणसातून मधासारखा चिकट रस गळतो. मग दाण्याच्या जागी काळपट, कठीण, वेडावाकडा खडा तयार होतो. मळणीत हे खडे धान्यात मिसळतात. त्यांचे पीठ पोटात गेले, की मळमळते, उलट्या होतात, चक्कर येते, गुंगी येते. जुन्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाऊन पुष्कळ लोक आजारी पडले होते. डॉक्टरांनी 1958 साली त्याची हकीकत वैद्यकाच्या मासिकात छापली.

यावर उपाय सोपा आहे. 1 लिटर पाण्यात 200 ग्रॅम मीठ विरघळवा. त्यात बाजरी टाकून ढवळा. अरगटाचे खडे आणि पोचट दाणे वर तरंगतात. ते काढून पुरून टाका. जनावरांपुढे टाकू नका, त्यांनाही ते बाधते. खाली बसलेली बाजरी साध्या पाण्याने दोन-तीनदा खळखळून धुवा आणि कडक वाळवा. मगच दळायला द्या. मीठ खर्ची पडते हे खरे, पण डॉक्टरच्या फीपेक्षा ते स्वस्त आहे.

शेंगदाण्याकडेही असेच पाहावे. सुरकुतलेला, काळवंडलेला, बुरशी धरलेला दाणा फेकून द्यावा. "भाजून चटणी केली म्हणजे झाले," असे बायाबापड्या म्हणतात. तसे होत नाही. ओलसर दाण्यावर वाढणाऱ्या एका बुरशीचे विष भाजल्याने पुरते जात नाही, आणि ते यकृतावर जाते. 1974 साली राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरच्या खेड्यांत बुरशीचा मका खाऊन शंभराच्या वर माणसे दगावली. ती गरीब माणसे होती. पावसात भिजलेला मका टाकून देणे त्यांना परवडले नाही. म्हणून दाणा घरात येतो त्या दिवशीच तो कडक वाळवून ठेवावा.

डाळीविषयी थोडक्यात. नाजूक पोटाला सालीशिवाय मुगाची डाळ बरी. तूर, हरभरा, वाल यांनी वात धरतो. त्याचे कारण असे, की डाळीत काही साखरा असतात आणि त्या आपल्या आतड्यात पचत नाहीत. खालच्या आतड्यातले जंतू त्या खातात आणि वायू करतात. डाळ किंवा कडधान्य रात्री भिजवून सकाळी ते पाणी ओतून दिले, तर या साखरा बऱ्याच कमी होतात. आणि धुताना पाणी गर्द पिवळे झाले, तर त्या डाळीला रंग लावला आहे असे समजावे. फार चकचकीत डाळीला भुलू नये.

तिखट आणि हळद शक्यतो अख्खी घ्यावी आणि आपल्यासमोर कुटून, दळून घ्यावी. तयार भुकटी घेतलीच, तर पेल्यात पाणी घेऊन चिमूटभर वर टाका. रंगाच्या रेघा सरसर खाली उतरू लागल्या, तर वरून रंग घातला आहे. तळाशी बसलेला गाळ बोटांवर चोळून पाहा. वाळूसारखा खरखर लागला, तर त्यात विटेचा भुगा असेल. असले तिखट खायचे आणि मग मिरचीला दोष द्यायचा, हा न्याय नव्हे.

आता दूध. यात माणसे फार गोंधळतात. दूध म्हणजे अमृत, मग ते बाधेल कसे? दुधात एक खास साखर असते. ती पचवणारा रस तान्ह्या मुलाच्या आतड्यात भरपूर असतो. वय वाढते तसा पुष्कळांचा तो कमी होतो. मग पेलाभर दूध प्यायले की पोटात गुरगुर सुरू होते. याला रोग म्हणत नाहीत. अशा माणसाने दूध ओढूनताणून पिऊ नये. दही लावताना विरजणातले जंतू त्या साखरेतला काही भाग खाऊन टाकतात. म्हणून दही आणि ताक त्याच माणसाला सोसते. आपल्या वाडवडिलांनी जेवणाच्या शेवटी ताकभात ठेवला, तो आम्हांला फार शहाणपणाचा वाटतो. पण ताक घरचे, ताजे आणि चांगल्या पाण्याचे असावे. बाजारातले बर्फ घातलेले ताक कोणत्या पाण्याचे आहे, ते कोण सांगणार?

शिळ्या भाताची गोष्टही ऐका. भात शिजला तरी त्यातल्या काही जंतूंची बीजे मरत नाहीत. भात तसाच उघड्यावर रात्रभर राहिला, की ती बीजे वाढतात आणि विष करतात. सकाळी भात फोडणीला टाकला तरी ते विष जात नाही. घरात बाळंतीण, म्हातारे किंवा नाजूक पोटाचे माणूस असेल, तर लागेल तेवढाच भात टाकावा.

बाजारच्या दिवशी भजी खायचा मोह आम्हांलाही होतो. कढईत पाहावे. तेल काळे, दाट आणि फेसाळ झाले असेल, धूर येत असेल, तर पुढे चालू लागावे. पुन्हा पुन्हा तापवलेले तेल किती बिघडेपर्यंत वापरावे, याची हद्द सरकारने 1 जुलै 2018 पासून ठरवून दिली आहे. पण कढईजवळ तपासनीस उभा नसतो. तिथे आपणच तपासनीस.

आणि तो बिस्किटांचा पुडा? आता तुम्हांला वाचता येते. पुडा उलटा करा. त्यावर आतले जिन्नस छापलेले असतात. जो जिन्नस वजनाने सर्वांत जास्त, तो आधी लिहावा असा नियम आहे. पहिले नाव मैद्याचे, दुसरे साखरेचे किंवा तेलाचे दिसले, की आपण पैसे कशाचे देतो ते कळते. पुढे तारीख पाहा. मुदत टळलेली असेल, तर तो पुडा दुकानदाराला परत द्या. भीड धरू नका.

एवढे करूनही पोट दुखते, तर काय बाधते ते शोधावे लागेल. एकदम दहा पदार्थ सोडू नका. माणूस उगाच वाळतो आणि कळत काहीच नाही. मुलाची जुनी वही घ्या. रोज चार ओळी लिहा: काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, पोटाने काय केले. मग एकच संशयित पदार्थ दोन आठवडे सोडून पाहा. नंतर तो पुन्हा खाऊन पाहा. पुन्हा त्रास झाला, तर चोर सापडला.

मात्र शौचात रक्त पडत असेल, शौच डांबरासारखे काळे होत असेल, अंग रोडावत असेल, किंवा पोटदुखीने रात्री झोपमोड होत असेल, तर वही भरत बसू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. जी काही पाने लिहून झाली असतील, ती बरोबर न्या. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात, "काय खाल्ले होते?"