पुठ्ठ्याचा राष्ट्राध्यक्ष आणि पेटणारी फीत

जगातला पहिला पूर्ण लांबीचा कार्टूनपट कोणता, असे विचारले तर तुमच्यापैकी पुष्कळ जण चटकन वॉल्ट डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’चे नाव सांगाल. तो पडद्यावर आला 1937 साली. पण त्याच्या तब्बल वीस वर्षे आधी, दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना या स्पॅनिश भाषिक देशात असा चित्रपट तयार झाला होता! त्याचे नाव ‘एल आपोस्तोल’, म्हणजे ‘धर्मदूत’. मग तो कुणाला ठाऊक कसा नाही? त्याचे उत्तर रसायनशास्त्रात दडलेले आहे.

हा चित्रपट करणारा किरिनो क्रिस्तियानी 1896 साली इटलीत जन्मला आणि लहानपणीच आईवडिलांबरोबर बुएनोस आइरेस शहरी आला. त्याला चित्रे काढण्याचा भारी नाद. फेदेरिको वाये नावाच्या निर्मात्याने त्याला चित्रे ‘हलवण्याच्या’ कामाला लावले.

चित्र हलते कसे? खरे तर ते हलतच नाही. थोडाथोडा फरक असलेली स्थिर चित्रे भराभर डोळ्यांपुढून गेली, की आपला मेंदू ती एकमेकांशी जोडतो आणि आपल्याला हालचालीचा भास होतो. पण प्रत्येक वेळी संपूर्ण चित्र नव्याने काढायचे म्हणजे केवढे काम! क्रिस्तियानीने युक्ती केली. त्याने पुठ्ठ्याच्या आकृती कापल्या. त्यांचे हात, पाय, डोके सुटे ठेवून सांध्यांशी हलतील असे जोडले. आकृती कॅमेऱ्याखाली ठेवायची, एक चित्र घ्यायचे, हात किंचित सरकवायचा, पुन्हा चित्र घ्यायचे. या पद्धतीचे त्याने पेटंटही घेतले.

दियोखेनेस ताबोर्दा या नामवंत व्यंगचित्रकाराने पात्रे रेखाटली होती. पण ती इतकी बारकाव्यांची होती, की हलवणे अवघड. म्हणून क्रिस्तियानीने ती सोपी करून घेतली. कथा होती देशाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष इपोलितो इरिगोयेन यांची थट्टा करणारी. ते स्वर्गात जातात, ज्युपिटर देवाकडून वज्र मागून घेतात आणि शहरातला भ्रष्टाचार जाळायला निघतात. त्यात अवघे बुएनोस आइरेसच भस्म होते!

चित्रपटासाठी सुमारे 58,000 चित्रे लागली. ती सेकंदाला 14 या वेगाने दाखवत. आता गणित करा: 58,000 भागिले 14 म्हणजे सुमारे 4,143 सेकंद, अर्थात जवळजवळ 70 मिनिटे. 9 नोव्हेंबर 1917 रोजी तो प्रदर्शित झाला, तेव्हा क्रिस्तियानी अवघा एकवीस वर्षांचा होता. पुढे 1931 साली त्याने ‘पेलुदोपोलिस’ हा ध्वनी असलेला पहिला पूर्ण लांबीचा कार्टूनपट केला.

आता दुर्दैवाची गोष्ट. त्या काळी चित्रफीत सेल्युलोज नायट्रेटची असे. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. त्यावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून हा पदार्थ बनवतात. त्यात कापूर मिसळला, की पारदर्शक आणि लवचिक पट्टी तयार होते. पण नायट्रेटचे प्रमाण आणखी वाढवले, तर त्याचेच स्फोटक होते! कागदाला जळायला हवेतला ऑक्सिजन लागतो. या फितीच्या रेणूंतच ऑक्सिजन असतो. त्यामुळे एकदा पेटली की ती पाण्याखालीसुद्धा जळत राहते. शिवाय जुनी होताना तिच्यातून आम्लयुक्त वायू निघतात आणि त्यांनीच ती अधिक लवकर सडते.

1926 साली वायेच्या स्टुडिओला आग लागली आणि ‘एल आपोस्तोल’ जळून गेला. 1957 आणि 1961 साली लागलेल्या आगींत क्रिस्तियानीने स्वतःजवळ जपलेले कामही गेले. शहर जळण्याची गोष्ट सांगणारा चित्रपट स्वतःच जळाला! त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. क्रिस्तियानीचा ‘एल मोनो रेलोहेरो’ हा 1938 सालचा छोटा माकडपट तेवढा वाचला आहे. आज टिकून असलेला सर्वांत जुना पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट म्हणून 1926 साली जर्मनीत लोटे रायनिगर हिने केलेल्या, राजपुत्र अहमदच्या साहसांवरील चित्रपटाचे नाव घेतात.

हे संकट दूरदेशीचेच आहे असे समजू नका. 2003 साली पुण्यातही नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागून आपले कितीतरी जुने चित्रपट नष्ट झाले. 1950 च्या सुमारास सहज न पेटणाऱ्या ॲसिटेट फितीने नायट्रेटची जागा घेतली. उरलेल्या जुन्या फिती आता थंड, कोरड्या जागी ठेवतात आणि त्यांच्या नव्या प्रती काढतात.

तुम्हीही एक करून पाहा. जुन्या वहीच्या 28 पानांच्या कोपऱ्यांवर, दर पानाला किंचित हात वर नेणारा माणूस काढा आणि पाने अंगठ्याने भरभर सोडा. क्रिस्तियानीच्या वेगाने गेली, तर दोन सेकंदांचा चित्रपट होईल. मग 70 मिनिटांसाठी त्याने किती कष्ट उपसले असतील, याचा विचार करा. आणि हो, ती वही जपून ठेवा!