सी-ए-टी कॅट आणि आपली पोरं



जूनच्या बैठकीत आमच्या गटाकडे एकाच कारणासाठी तीन कर्जमागण्या आल्या. पोराला इंग्रजी शाळेत घालायचंय. फी, गणवेश, गाडीभाडं, सगळंच आलं. राज्यातल्या मराठी शाळांत तर २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे. मग आपल्या पोरांना येत का नाही? हे बघायला आम्ही चौघीजणी गावच्या शाळेत जाऊन बसलो.

बाई मोकळेपणानं बोलल्या. आधी त्या धडा वाचायच्या, मराठीत अर्थ सांगायच्या आणि उत्तरं फळ्यावरून उतरवून द्यायच्या. मुलं जांभया द्यायची, आणि बाईंनाही तो तास नकोसा व्हायचा. यंदा त्यांनी पद्धत बदलली.

मराठीत 'क' हे अक्षराचं नाव आणि आवाजही तोच. इंग्रजीत तसं नाही. अक्षराचं नाव 'सी', पण 'कॅट'मध्ये त्याचा आवाज 'क्'. मुलं 'सी-ए-टी कॅट' घोकतात आणि पुढं 'मॅट' आलं की अडतात, कारण ते घोकलेलं नसतं. आता बाई नावं बाजूला ठेवून आवाज जोडायला लावतात : क्-ॲ-ट्. पहिलं अक्षर पुसायचं, दुसरं लिहायचं. मॅट, बॅट, रॅट, हॅट! आवाज जोडून वाचणं पोरांना मराठीमुळं येतंच की. आमच्यातल्या एकीनं विचारलंच, "मग बट आणि पुट?" बाई हसल्या. तसले शब्द पाठच करायचे म्हणाल्या.

दुसरं म्हणजे, अर्थ सांगायचा नाही, करून दाखवायचा. 'ओपन द डोअर' म्हणत बाई दार उघडतात. चार दिवसांनी हुकूम मुलं सोडतात आणि बाई पाळतात. 'बाई, जंप!' म्हटल्यावर त्या पदर खोचून खरंच उडी मारतात. वर्ग नुसता खदखदत होता, आम्हीही.

एक मुलगी म्हणाली, "माय आजी गो बाजार." बाई रागावल्या नाहीत. "येस, युअर आजी गोज टु द बाजार. व्हॉट डज शी बाय?" "मिरची!" चूक सुधारली आणि पोरीचं तोंडही बंद झालं नाही.

आपल्याला इंग्रजी येत नसलं तरी घरी एवढं करता येतं. 'स्पेलिंग सांग' म्हणून दरडावू नका. पोराला मास्तर करा, त्याचे हुकूम आपण पाळा. बिस्किटाच्या पुड्यावरचं, साबणाच्या वेष्टनावरचं वाचायला लावा. चुकलं तर चुकू द्या.

तीनपैकी दोघींनी मागणी मागं घेतली. तिसरीनं कर्ज घेतलं, तिला आम्ही अडवलं नाही. त्या दोघींपैकी एक परवा सांगत होती, भाकरी थापताना लेक ओरडला, 'आई, स्टँड अप!' पिठाच्या हातानंच उठावं लागलं.