पाण्याची पाळी आणि पोराची परीक्षा



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत आणि पाणी यांवर लिहितो. या खेपेस दहावीच्या परीक्षेबद्दल चार शब्द. विषय आमच्या खात्याचा नाही खरा. पण गाळप हंगाम आणि परीक्षा एकदमच येतात आणि ओढाताण होते ती पोरांची. सन २०२५ मध्ये दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली. त्या दिवसांत शिवारात तोडणी जोरात असते, खोडव्याचे बुडखे छाटायचे असतात, लागणीला पाणी हवे असते.

गटात फिरताना आम्ही पाहतो, रात्रपाळीची वीज आली की दहावीचं पोरगंच बॅटरी घेऊन मोटारीवर जातं. "एवढं पाणी फिरव, मग बस अभ्यासाला," असे घरचे म्हणतात. पहाटे परतलेलं पोरगं पुस्तकावरच पेंगतं. मुलीचे वेगळेच. तोडणीवाल्यांचा चहा आणि घरची भाकरी तिच्याच गळ्यात.

सुरू उसाला आपण नत्र एकदम देत नाही. लागणीला १० टक्के, दीड-दोन महिन्यांनी ४०, तीन-चार महिन्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला ४० असे चार हप्ते करतो. एकदम टाकले तर बरेचसे पाण्याबरोबर वाया जाते. अभ्यासाचेही तेच. आज वाचलेला धडा उद्या, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा बघावा. तोही पुस्तक मिटून, काय आठवते ते कागदावर लिहून. नुसते वाचत राहिले की आले असे वाटते, पण पेपरात सुचत नाही.

जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात. गणित व विज्ञानाचे दोन-दोन भाग असतात. प्रत्येक भाग ४० गुणांचा, वेळ २ तास. म्हणजे एका गुणाला ३ मिनिटे. अडलेल्या गणिताला जागा सोडून पुढे जावे. हॉलतिकीट व दोन पेने आदल्या रात्रीच दप्तरात ठेवावीत आणि वेळेवर झोपावे.

आणखी एक. आपल्या फडात राबणाऱ्या कोयत्यांचीही पोरे दहावीला असतात. त्यांचे परीक्षा केंद्र बहुधा गावाकडे असते. अशा पोराला पेपरच्या आधी चार दिवस गावी पोहोचू द्यावे. उचल फिटली नाही म्हणून त्याला फडात अडकवू नये. मुकादमाशी आधीच बोलून ठेवले तर तोडणीही अडत नाही.

पाणी चार दिवस लांबले तर उसाची थोडी वाढ खुंटेल, पण पुढच्या पाळीने ऊस सावरतो. नापास पोराला पुरवणी परीक्षा असते हे खरे. पण एकदा शाळेतून तुटलेलं पोरगं, त्यातून मुलगी, पुन्हा पुस्तकाकडे वळणे अवघड. तेव्हा तो महिनाभर मोटारीवर आपण स्वतः जावे, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी