पाय टेकले पाहिजेत!

मुलीच्या पायांची काळजी बापाला पहिल्यांदा लागते ती ती चालायला शिकते तेव्हा. मला ती दुसऱ्यांदा लागली ती तिच्या पंचविसाव्या वर्षी. तिने लांबच्या सफरींसाठी मोटारसायकल घेतली तेव्हा!

गाडी इंटरसेप्टर ६५०. वजन दोनशे किलोंच्या वर, बैठक जमिनीपासून ८०४ मि.मी. आणि आमची कन्यका पाच फूट एक इंच! गाडी थांबली की तिचे नुसते चवडे टेकत. परभणीच्या एका मिस्त्रींनी चुटकीसरशी तोड काढली. "त्यात काय साहेब! मागचे शॉकॲब दीड इंच आखूड टाकू." टाकले. पाय टेकले. आम्ही खूश!

लक्ष्मीपूजनाला आम्ही गावच्या घरी, ताडकळसला निघालो. ती पुढे, मी मागे, मांडीवर फराळाचा डबा. पहिल्याच गतिरोधकावर गाडीचे पोट खरवडले. पुढच्या खड्ड्यात माझ्या कण्याने आणि चकल्यांनी एकदमच आवाज केला. तरी मी हसत होतो. पण अंगणात साइड स्टँडवर लावलेली गाडी जरा धक्का लागताच उजवीकडे कोसळली, तेव्हा हसू पळाले. क्षणापूर्वी तिथे माझा चार वर्षांचा नातू फुलबाजी घेऊन उभा होता.

गाडीचा यात काडीचाही दोष नव्हता. दोष आमच्या घाईचा. त्या रात्री बापलेक कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा सारे उमगले. मागची बाजू खाली आली, पण स्टँडची लांबी तीच राहिली; त्यामुळे गाडी जवळजवळ सरळ उभी राहू लागली आणि पलीकडे पडायला निमित्तच शोधू लागली. जमिनीपासूनचे मूळ अंतर १७४ मि.मी.; त्यातलेही आम्ही घालवले. मागचे चाक धक्क्यासरशी ८८ मि.मी. वर येते; आता ते मडगार्डला भिडण्याचा धोका. शिवाय शेपूट खाली गेल्याने पुढचा फोर्क अधिक तिरपा होतो आणि हँडल जड वळते.

एके काळी बहुतेक मोटारसायकलींचे मागचे चाक सांगाड्याला पक्के बसवलेले असे. १९४९ साली बुलेट मागे तेलाचे शॉकॲब घेऊन आली, तेव्हा लोकांच्या पाठींना केवढे सुख झाले असेल! ते सुख आम्ही पैसे मोजून घालवले होते.

तेव्हा वाचकहो, आधी वजन पाहा, मग उंची. डबल स्टँडवर मागचे चाक अधांतरी ठेवून त्याच्या आसापासून वर सीटखालच्या एका खुणेपर्यंतचे अंतर मोजा. मग गाडी चाकांवर घेऊन चालवणाऱ्याला सामानासह बसवा आणि पुन्हा मोजा. फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या पाव ते तृतीयांश असावा; आमच्या गाडीत २२ ते २९ मि.मी. जास्त असेल तर शॉकॲबची कडी आवळा. पूर्ण आवळूनही गाडी बसतच असेल, तर स्प्रिंग त्या वजनाला मऊ आहे. तेवढ्याच लांबीची कडक स्प्रिंग घ्या. कडी आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त उचलली जाते.

उंची कमी करायची तर आधी सीटचा फोम कापा, सीट पुढे निमुळती करा, जाड तळाचे बूट घ्या. एवढ्यावर भागले नाही तरच आखूड शॉकॲब. तेही त्याच गाडीसाठी बनवलेले, जोडीने घेतलेले आणि चाकाची हालचाल त्या मानाने कमी ठेवणारे. त्याबरोबर पुढची बाजूही प्रमाणात खाली घ्यावी, स्टँड आखूड करावा, चेनचा ताण व हेडलाइटचा रोख पाहावा. स्प्रिंग कापणे किंवा शॉकॲबला वेल्डिंग करणे नकोच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मुळे गाडीच्या मूळ तपशिलात मनमानी बदल चालत नाहीत. म्हणून आधी आर.टी.ओ.त विचारून घ्यावे.

आम्ही मूळ शॉकॲब परत बसवले आणि सीट कापून घेतली. सिग्नलला किंचित एका बाजूला सरकून डावा पाय पूर्ण टेकवायला कन्यका शिकली. दोन्ही पाय टेकलेच पाहिजेत, हा हट्ट माझाच होता.

यंदाही ताडकळसला तिच्याच मागे बसून गेलो. चकल्या अख्ख्या पोहोचल्या!