मोटारीतला उष्णतेचा पंप

पावसाळ्यात भोरहून वरंधा घाटाकडे किंवा वेल्ह्याहून पाबे घाटाकडे जाणाऱ्या मोटारी तुम्ही पाहिल्या असतील. (वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे.) हवा गार, बाहेर धुके, आणि तरीही काचा बंद करून चालकाने एसी चालू ठेवलेला! गारठ्यात एसी कशाला, असा प्रश्न तुम्हाला पडेल.

उत्तर समोरच्या काचेवर आहे. आत बसलेल्यांच्या श्वासातील बाष्प गार काचेवर जमते व काच धूसर होते. एसीतील थंड नळ्यांवरून जाताना हवा आपले बाष्प तेथेच सोडते. ही कोरडी हवा काचेवर सोडली की काच लवकर स्वच्छ होते. मोटारीखाली ठिबकते ते पाणी हेच. ती गळती नव्हे. घाटातल्या वळणावर समोरचे दिसणे किती महत्त्वाचे, हे वेगळे सांगायला नकोच. या यंत्राचे हृदय म्हणजे कॉम्प्रेसर.

उष्णता वर चढते कशी?

वेळवंडी किंवा गुंजवणी नदीचे पाणी काठावरच्या शेतात आपोआप चढत नाही. पंप लावावा लागतो. उष्णतेचेही तसेच आहे. ती आपण होऊन गरम जागेकडून थंड जागेकडे जाते. मे महिन्यात मोटारीतील उष्णता बाहेरच्या अधिक गरम हवेत टाकायची, तर पंप हवा. तो पंप कॉम्प्रेसर.

त्याचे काम एका साध्या नियमावर चालते : दाब कमी केला की द्रव कमी तापमानाला उकळतो, दाब वाढवला की जास्त तापमानाला. अनेक मोटारींत आर-१३४ए नावाचा पदार्थ असतो. वातावरणाच्या सुमारे ३ पट दाबाला तो ०° सेल्सिअसच्या आसपास उकळतो आणि मोटारीतील हवेची उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर ती वाफ ओढून दाबतो. १५ पट दाबाला तीच वाफ सुमारे ५५° तापमानाला द्रव होऊ शकते. त्यामुळे मोटारीच्या पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, बाहेरच्या ४०° हवेलाही ती आपली उष्णता देऊन टाकते. पुढे बारीक छिद्राच्या झडपेतून जाताना द्रवाचा दाब उतरतो आणि फेरा पुन्हा सुरू होतो.

बहुतेक मोटारींत कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९३९ साली एसी असलेली मोटार बाजारात आणली, तेव्हा तो बंद करण्यासाठी मोटार थांबवून पट्टाच काढावा लागे! पुढे विद्युतचुंबकीय क्लच आला. बटण दाबताच ऐकू येणारा ‘टक्’ आवाज त्याचाच.

कॉम्प्रेसर बिघडतो का?

कॉम्प्रेसरचे वंगणतेल वायूबरोबरच नळ्यांतून फिरत असते. त्यामुळे कोठे गळती झाली, तर वायूबरोबर तेलही जाते. तेल कमी पडले की आतील भाग एकमेकांवर घासतात आणि शेवटी यंत्र जाम होते. म्हणजे पुष्कळदा कॉम्प्रेसर मरतो तो दुसऱ्याच ठिकाणच्या दुखण्याने. ते दुखणे न शोधता नवा कॉम्प्रेसर बसवला, तर तोही फार दिवस टिकत नाही आणि हजारो रुपये वाया जातात.

म्हणून निगा महत्त्वाची. हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा. तेल फिरते व दांड्याचे सील ओले राहते. भात झोडणीच्या दिवसांत उडणारा भुसा, धूळ आणि किडे कंडेन्सरच्या जाळीत अडकतात. इंजिन बंद करून, थंड झाल्यावर, पाण्याच्या हलक्या धारेने ते धुवावेत. नळीच्या सांध्यावर तेलकट डाग दिसला, तर ती गळतीची खूण समजावी.

बदलताना काय करतात?

हे काम जाणत्या कारागिराचे. द्रव अंगावर उडाला तर कातडी गोठते. कारागीर प्रथम जुना वायू यंत्राने टाकीत भरून घेतो. काढलेल्या कॉम्प्रेसरच्या तेलात धातूचा चुरा दिसला, तर नळ्या धुऊन काढाव्या लागतात; धुता न येणारे भाग बदलावे लागतात. ओलावा शोषणारी ड्रायरची डबी आणि सांध्यांची रबरी कडी नवी घालतात. तेल ठरलेल्या जातीचे व मोजूनच घालतात.

मग पाऊण-एक तास निर्वात पंप चालवतात. हवा काढण्यासाठी तर खरेच, पण आणखीही एका कारणासाठी. दाब पुरेसा उतरला की आत राहिलेले पाणी साध्या तापमानालाच उकळून निघून जाते. ते राहिले, तर झडपेत बर्फ होतो आणि आम्लही तयार होते. पंप बंद केल्यावर काटा स्थिर राहिला, तर गळती नाही असे समजून वायू वजन करून भरतात.

वायू हवेत सोडला तर?

पूर्वी आर-१२ वापरीत. तो ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो मागे पडला. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट उष्णता अडवतो.

आता गणित करा. एका मोटारीतला ४०० ग्रॅम वायू सोडला, तर तो ५६० किलो कार्बन डायऑक्साइडइतका ठरेल. एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे हे जवळजवळ २४३ लिटर पेट्रोल झाले. लिटरला १५ किलोमीटर धरले, तर पुणे-भोर जाऊन-येऊन, १०० किलोमीटरच्या, ३६ फेऱ्या! गळती असताना नुसता वायू भरत राहणे किती महाग पडते, ते यावरून दिसेल.

करून पाहा

१. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दहा-बारा वेळा हवा भरा. पंपाचे खालचे टोक गरम का लागते?

२. स्टीलच्या पेल्यात बर्फ ठेवा. बाहेरून पाणी कोठून आले? ते पुसून पेला पुन्हा ठेवा, आणि घाटातल्या मोटारीच्या काचेशी त्याचा काय संबंध आहे, ते वर्गात समजावून सांगा.