पाणी झिरपू दे, माती जाता कामा नये

पावसाळा लागला की इंदापूर तालुक्यात दोन आकडे लहानथोर सगळ्यांना तोंडपाठ असतात. एक दौंडचा विसर्ग, म्हणजे तिथून धरणाकडे येणारे पाणी, आणि दुसरा उजनी धरणाची टक्केवारी. २०२४च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या घरात गेले होते, पाण्याखालचे जुने पळसदेव मंदिर उघडे पडले होते. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात धरणाने शंभरी गाठली. ही टक्केवारी उपयुक्त साठ्याची, म्हणजे सुमारे साडेत्रेपन्न टीएमसीची असते. त्याच्या खाली त्रेसष्ट टीएमसीहून अधिक मृतसाठा आहे, म्हणून तर उणे आकडा शक्य होतो. शेतकऱ्याला आवर्तन कधी मिळणार, साखर कारखान्याला ऊस किती मिळणार, याचा अंदाज या आकड्यांवरून बांधता येतो. धरण धडधाकट आहे की नाही, हे मात्र त्यावरून कळत नाही. त्यासाठी तिसरा आकडा लागतो: भरावातून मिनिटाला किती लिटर पाणी झिरपते आणि ते स्वच्छ आहे की गढूळ.

यशवंतसागर, म्हणजे उजनीचा जलाशय, आज पुणे-सोलापूर पट्ट्यातला मोठा विरंगुळा झाला आहे. हिवाळ्यात भिगवण-कुंभारगावला रोहित पक्षी पाहायला गाड्यांची रांग लागते. होडीतून फेरी, मग ताजी मासळी आणि संध्याकाळी परत, असा दिवस जातो. यातल्या बहुतेकांनी धरणाची भिंत पाहिलेलीच नसते. ती फुगवट्याच्या पार खालच्या टोकाला, भीमानगरजवळ आहे. १९८०मध्ये पूर्ण झालेली, अडीच किलोमीटर लांब, एकेचाळीस दरवाजांची. सांडव्याचा भाग दगडी बांधकामाचा, बाजूला मातीचा भराव. तिच्या वरच्या अंगाला पुणे जिल्ह्यातली डझनाहून अधिक धरणे आहेत. पानशेत-खडकवासल्याचे पाणीही मुठा, मुळा-मुठा, भीमा असे करत इथेच येते.

मातीचे धरण झिरपते, हे ऐकून अनेकांना धस्स होते. खरे तर न झिरपणारे मातीचे धरण जगात नाही. भरावाच्या मध्यभागी घट्ट दाबलेल्या चिकण मातीचा गाभा असतो, त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचे कवच, पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग. गाभा पाणी पूर्ण अडवत नाही, त्याचा वेग मारतो. गाभ्यातून पलीकडे आलेले पाणी वाळूच्या थरात उतरते, तिथून पायथ्याच्या चरात जाते आणि बाहेर पडते. या वाळूचे काम चहाच्या गाळणीसारखे आहे: पाणी जाऊ द्यायचे, मातीचा कण अडवायचा. वाळूचे कण जास्त जाड झाले तर माती निसटते, जास्त बारीक झाले तर पाणी तुंबून भराव आतून फुगतो. मातीच्या मानाने वाळू किती जाड असावी, याचे नियम कार्ल तेर्झागी या अभियंत्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घालून दिले. आजची धरणेही त्याच तत्त्वावर उभी आहेत.

गाळणी बिघडली किंवा पाण्याला तिला चुकवून वाट सापडली, तर माती कणाकणाने निघून जाऊ लागते. ही झीज बहुधा पाणी जिथे बाहेर पडते तिथे, पायथ्याशी सुरू होते आणि उलटी, जलाशयाकडे सरकत जाते. भरावात हळूहळू नळी तयार होते. अभियंते याला ‘पायपिंग’ म्हणतात. वरून धरण ठणठणीत दिसते, माथ्यावरून जीप जाते, आणि आत पोकळी वाढत असते. नळी जलाशयापर्यंत पोहोचली की मग वर्षांचा हिशेब तासांवर येतो. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातले टीटन धरण ५ जून १९७६ रोजी असेच गेले. सकाळी गढूळ पाण्याची गळती दिसली. भोक बुजवायला आणलेले बुलडोझरच त्यात गेले आणि दुपारी बाराच्या आत धरण फुटले. ते पहिल्यांदाच भरले जात होते.

म्हणून पायथ्याच्या चरात एक साधी पत्र्याची आडवी पाटी बसवलेली असते, तिला इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची खाच असते. झिरपलेले पाणी त्या खाचेतून वाहते. बाजूच्या पट्टीवर खाचेतल्या पाण्याची उंची वाचायची, झाले. काटकोनी खाचेत दहा सेंटिमीटर पाणी असेल तर सेकंदाला सव्वाचार लिटरच्या आसपास झिरपते आहे. उंची वीस सेंटिमीटर झाली तर प्रवाह दुप्पट नव्हे, साडेपाच पटींहून अधिक होतो. वाचनात चार बोटांचा फरक पडला तरी तो दुर्लक्ष करण्यासारखा नसतो, हे यावरून कळावे. त्याच पाण्याची काचेची बाटली भरून ठेवायची आणि तळाशी माती बसते का पाहायचे. जलाशयाची पातळी तीच असताना झिरपा वाढला, किंवा बाटलीच्या तळाशी गाळ बसला, की त्याच दिवशी वरिष्ठांना कळवायचे. या साधनाला वीज लागत नाही, महागडे यंत्र लागत नाही. रोज जाणारा माणूस आणि नीट ठेवलेली वही लागते.

महाराष्ट्राने हा धडा दोनदा फार महाग घेतला. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटले, तेव्हा धरणाचे काम अपुरे होते. पाणी सोडण्याच्या विमोचकाच्या अर्धवट बांधलेल्या नळावरचा भराव खचत गेला, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी पहाटेनंतर पाणी माथ्यावरून गेले. खाली खडकवासलाही टिकले नाही. २ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटून वीसहून अधिक माणसे गेली. गळती असल्याची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. पुढे खेकड्यांनी धरण पोखरल्याचे विधान तेव्हाच्या मंत्र्यांनी केले. बिळांमुळे भराव कमजोर होतो, हे शास्त्राला मान्य आहे. पण बीळ शोधून बुजवणे हेच तर देखभालीचे काम. ते कारण म्हणून सांगता येत नाही.

जलाशयावरचा वाराही याच गणितात येतो. वारा मोकळ्या पाण्यावरून जितके लांब अंतर कापतो तितकी लाट मोठी होते. उजनीचा फुगवटा पसरट असल्याने वावटळीत तिथे बघता बघता लाटा उठतात. २१ मे २०२४ला कुगावहून कळाशीकडे येणारी होडी अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. हीच लाट भिंतीवर आदळते. म्हणून माथा पाण्याच्या कमाल पातळीच्या बराच वर ठेवावा लागतो आणि पिचिंगचा निखळलेला दगड त्याच हंगामात परत बसवावा लागतो.

दरवाजांची गोष्ट वेगळी, पण तितकीच निकडीची. १० ऑगस्ट २०२४च्या रात्री तुंगभद्रेच्या एकोणिसाव्या दरवाजाची साखळी तुटली आणि दरवाजा वाहून गेला. भरलेले धरण रिकामे करत नेण्यावाचून इलाज उरला नाही. उजनीला दरवाजे एकेचाळीस आहेत आणि खाली पंढरपूर आहे.

२०२१च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी सक्तीची केली, आपत्कालीन कृती आराखडाही बंधनकारक केला. मात्र तो पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना आणि दहा ते पंधरा मीटरमधल्या काही विशिष्ट धरणांनाच लागू आहे. गावोगावचे बहुतेक पाझर तलाव त्याच्या बाहेर राहतात. माझी खरी काळजी तिथे आहे. उजनीला निदान अभियंत्यांचे कार्यालय आहे. गावतळ्याच्या बांधावर वेड्या बाभळी माजतात, मुळे कुजली की त्याच जागी पाण्याला आयती नळी मिळते. पायथ्याचा मुरूम रातोरात ट्रॉलीत भरून जातो. बारामती तालुक्यात शिर्सुफळ, इंदापुरात शेटफळ अशा तलावांकाठी आता पक्षी पाहायला माणसे येतात, बांधावर उभी राहतात. पायाखालच्या भरावाची चौकशी कोणी करत नाही. मे २०२५च्या अखेरीस झालेल्या अवकाळी अतिवृष्टीत नीरा डावा कालवा बारामतीजवळ पिंपळी-लिमटेक इथे फुटला आणि पाणी शेतांत, घरांत शिरले. कालव्याचा काठ हाही मातीचा भरावच असतो, आणि पाणी त्यावरून वाहू लागले की त्याचा टिकाव लागत नाही.

जलसंपदा विभागाने टक्केवारीसोबत झिरप्याचे वाचनही रोज जाहीर करावे. धरणावर फळा लावावा, ग्रामपंचायतीला कळवावे. लोक घाबरतील ही भीती अनाठायी आहे. दौंडच्या विसर्गाचे आकडे वाचणाऱ्यांना हाही आकडा वाचता येईल. आणि वाचकहो, बांधाच्या पायथ्याशी नवा पाझर, गढूळ पाणी, अचानक हिरवीगार झालेली दलदल किंवा माथ्यावर खचलेला खड्डा दिसला, तर फोटो काढून जागा, तारीख आणि वेळ लिहून त्याच दिवशी पाटबंधारे शाखा कार्यालयात आणि तलाठ्याकडे द्या. पोच घ्या. दोन दिवसांत कोणी पाहायला आले नाही तर तहसीलदारांकडे जा.