सजावट घराची, भार इमारतीचा

२० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेतील सप्तश्रृंगी या इमारतीत चौथ्या मजल्यावरील एका घरात फरशीचे काम सुरू होते. काम चालू असतानाच स्लॅब कोसळला, त्याच्या भाराने खालच्या मजल्यांचे स्लॅबही कोसळत गेले आणि सहा जणांचा मृत्यू झाला. त्याआधी जून २०२२ मध्ये नेरुळच्या जिमी पार्क इमारतीत असाच प्रकार घडला होता. तिथेही सहाव्या मजल्यावर फरशीचेच काम चालू होते आणि त्या दुर्घटनेत एकाचा बळी गेला. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर येथे कोसळलेल्या इमारतीत १७ जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावर चाललेल्या अंतर्गत बदलांत इमारतीच्या आधारालाच धक्का लावला गेला, असा आरोप त्या प्रकरणात ठेवण्यात आला.

या तिन्ही इमारती खासगी होत्या. परंतु त्यांतून पुढे आलेला प्रश्न म्हाडा आणि सिडकोच्या वसाहतींत राहणाऱ्या हजारो कुटुंबांना अधिक लागू पडतो. सार्वजनिक गृहनिर्माणातील घरे मुळातच लहान असतात. अल्प आणि अत्यल्प उत्पन्न गटासाठी बांधताना खर्च व क्षेत्रफळ दोन्ही काटेकोरपणे आखलेले असतात. काळाच्या ओघात कुटुंब वाढते, मुलांची लग्ने होतात, हाती थोडा पैसा येतो आणि घरात सुधारणा करण्याची गरज भासू लागते. त्यात दूरचित्रवाणी, मोबाइल आणि इंटीरिअर डेकोरेटरच्या रंगीत पुस्तिका यांतून मोठमोठ्या सदनिकांची सजावट डोळ्यांसमोर येत राहते. मोकळे स्वयंपाकघर, एकसंध दिवाणखाना, संगमरवरी फरशी, बंद बाल्कनी. मोठ्या घरासाठी योजलेले हे बदल तीनशे-चारशे चौरस फुटांच्या घरात करताना नियमांची मर्यादा नेमकी कुठे ओलांडली जाते, हे रहिवाशाच्या लक्षातही येत नाही.

‘घरातल्या घरात’ हा समज

घराच्या आत काय करायचे तो आमचा प्रश्न, बाहेरून काही दिसत नाही तर परवानगी कशाला, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो अगदीच निराधार नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ मध्ये, केवळ इमारतीच्या अंतर्भागापुरत्या किंवा बाह्य स्वरूपात विशेष फरक न करणाऱ्या देखभाल व सुधारणांच्या कामांना परवानगीतून सूट दिलेली आहे. मात्र या सुटीचा अर्थ सोयीस्करपणे ताणला जातो.

मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३४२ मध्ये किरकोळ दुरुस्ती म्हणजे काय, हे अधिक स्पष्ट केलेले आहे. गिलावा, रंगकाम, फरशी बदलणे, संडास-न्हाणीघराची दुरुस्ती, सांडपाण्याचे पाइप, नळ आणि विजेची जोडणी बदलणे ही कामे त्यात येतात. याउलट बांधकामाची लांबी, रुंदी वा उंची बदलणे, भार वाहणारी भिंत किंवा बीम-कॉलम काढणे अथवा बदलणे, जोते वा जमीन खाली घेणे, पोटमाळा नव्याने बांधणे किंवा वाढवणे ही कामे किरकोळ दुरुस्तीतून स्पष्टपणे वगळलेली आहेत. थोडक्यात, घराच्या त्वचेला हात लावण्यास मुभा आहे, हाडांना हात लावण्यास नाही.

तथापि कल्याण आणि नेरुळच्या घटनांनी याहून अवघड गोष्ट दाखवून दिली. फरशी बदलणे हे काम मुभा असलेल्या यादीत आहे आणि तरीही त्याच कामाच्या वेळी इमारती कोसळल्या. जे काम परवानगीशिवाय करता येते, ते सुरक्षित असतेच असे नाही. कायदा कामाचे नाव पाहतो. इमारत मात्र त्या कामाचे वजन, हादरे आणि स्वतःचे वय यांना तोंड देत असते.

भाराचा हिशेब

हे वजन किती असते, याचा अंदाज साध्या आकडेमोडीने येऊ शकतो. दहा फूट बाय बारा फुटांची एक खोली घेऊ. तिचे क्षेत्रफळ सुमारे ११ चौरस मीटर. जुनी फरशी न काढता तिच्यावर दोन इंच जाडीचा सिमेंट-वाळूचा थर आणि त्यावर संगमरवर बसवला, तर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १५० किलो वजन वाढते. एका खोलीपुरते हे वजन दीड टनाहून अधिक होते. निवासी खोलीत माणसे व सामान यांच्यासाठी भारतीय मानकानुसार प्रति चौरस मीटर सुमारे २०० किलो भार गृहीत धरला जातो. म्हणजे माणसांसाठी राखून ठेवलेल्या क्षमतेचा पाऊण वाटा एकट्या नव्या फरशीने व्यापला.

जुनी फरशी काढली तर हा प्रश्न सुटतो, पण दुसरा उभा राहतो. फरशी उखडण्यासाठी ब्रेकर यंत्र चालवले जाते. सळ्या गंजलेल्या आणि काँक्रीट सुटत आलेल्या स्लॅबला त्याचे हादरे सहन होतीलच असे नाही. उखडलेला राडारोडा खोलीच्या एका कोपऱ्यात रचून ठेवला जातो. शेजारी वाळूचा ढीग आणि सिमेंटच्या गोण्या येतात. पन्नास किलोच्या वीस गोण्या म्हणजे एक टन. जो भार संपूर्ण खोलीभर पसरायला हवा, तो चार-पाच फुटांच्या जागेवर एकवटतो.

नवी पार्टिशन भिंत हाही असाच दुर्लक्षित भार आहे. साडेचार इंची विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली, नऊ फूट उंचीची भिंत दर मीटर लांबीला सुमारे सातशे किलो भरते. तिच्याखाली बीम नसेल तर हे सगळे वजन थेट स्लॅबवर येते. पोटमाळ्यावर ठेवलेली पाचशे लिटरची पाण्याची टाकी भरल्यावर अर्ध्या टनाहून जड होते, हे तर अनेकांच्या ध्यानीमनीही नसते.

कोणत्या बदलांत धोका अधिक

सर्वांत लोकप्रिय बदल म्हणजे स्वयंपाकघर व दिवाणखाना यांच्यामधील भिंत काढणे. गृहनिर्माण मंडळाच्या काळातील अनेक जुन्या इमारतींत भिंतीच मजल्यांचा भार वाहतात. आरसीसी चौकटीच्या इमारतींत बहुतेक आतल्या भिंती केवळ आडोशाच्या असतात, पण नकाशा पाहिल्याशिवाय हे सांगता येत नाही. नवीन सामूहिक गृहप्रकल्पांत तर उलट परिस्थिती आहे. अॅल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या इमारतींत जवळजवळ प्रत्येक भिंत काँक्रीटची आणि भार वाहणारी असते. तिथे भिंत पाडणे दूरच, वायर किंवा पाइप आत लपवण्यासाठी खोल खाच मारली तरी आतील सळ्या कापल्या जाण्याची भीती असते. नवी इमारत मजबूत, म्हणून तिथे काहीही चालते, हा समज त्यामुळेच चुकीचा ठरतो.

दुसरा बदल संडास-न्हाणीघराची जागा हलवण्याचा. मूळ जागी स्लॅब खाली घेतलेला असतो, त्यात पाइप आणि वॉटरप्रूफिंगचा कोबा असतो. जागा हलवली की साध्या स्लॅबवर जमीन उंच करावी लागते, भार वाढतो आणि खालच्या घरातील स्वयंपाकघराच्या किंवा देवघराच्या डोक्यावर ओल येते. ही ओल सळ्यांपर्यंत पोचली की गंज सुरू होतो. गळतीवरून होणारी शेजाऱ्यांची भांडणे सर्वांना दिसतात, गंज मात्र आतच राहतो.

तिसरा बदल बाल्कनीचा. बाल्कनी बंद करण्याबाबतची मुभा त्या-त्या वेळच्या विकास नियंत्रण नियमावलीवर अवलंबून असते. परंतु बाहेर झेपावलेल्या स्लॅबच्या टोकावर विटांची भिंत चढवणे, खोलीची मधली भिंत काढणे आणि पुढे लोखंडी पिंजरा लावून त्यात कुंड्या, टाक्या ठेवणे, हे सर्व एकत्र आले की धोका वाढतो. आग लागल्यास अग्निशमन दलाला त्या पिंजऱ्यातून आत शिरता येत नाही आणि आतल्यांना बाहेर पडता येत नाही, ही गोष्ट वेगळीच.

परवानगी कोणाची?

अनेक रहिवासी सोसायटीचे ना-हरकत पत्र मिळाले की निश्चिंत होतात. सोसायटीची लेखी परवानगी आवश्यकच आहे, पण ती नियोजन प्राधिकरणाच्या परवानगीची जागा घेऊ शकत नाही. मुंबईतील म्हाडाच्या वसाहतींसाठी २०१८ पासून म्हाडा हेच नियोजन प्राधिकरण असल्याने बांधकामविषयक परवानगीसाठी म्हाडाच्या इमारत परवानगी कक्षाकडे जावे लागते. सिडकोच्या घरांत जमीन भाडेपट्ट्याची असते, त्यामुळे नियोजन प्राधिकरणाबरोबरच करारातील अटीही पाळाव्या लागतात.

विनापरवाना बांधकामासाठी नगररचना अधिनियमाच्या कलम ५२ नुसार एक महिना ते तीन वर्षांपर्यंत कारावास आणि दंडाची तरतूद आहे. दंडाची रक्कम आजच्या मानाने किरकोळ आहे. खरी किंमत नंतर मोजावी लागते. घर विकताना मूळ नकाशाशी मेळ बसत नाही, बँक कर्जाच्या वेळी शंका उपस्थित करते, आणि पुनर्विकासात पात्रता अधिकृत क्षेत्रफळावर ठरत असल्याने वाढवलेल्या जागेचा लाभ मिळत नाही.

वाढू शकणारे घर

या प्रश्नाला दुसरी बाजू आहे आणि ती नाकारून चालणार नाही. माणसे हौसेखातर घर वाढवतात तशी गरजेपोटीही वाढवतात. ही गरज ओळखून सिडकोसाठीच एक वेगळा प्रयोग झाला होता. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात बेलापूर येथे आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत उभारली. लहान अंगणांभोवती बैठी घरे, आणि शेजारच्या दोन घरांत सामायिक भिंत नाही. एका कुटुंबाने खोली वाढवली तरी शेजाऱ्याच्या भिंतीला धक्का लागू नये, हा त्यामागील विचार होता. पुढे तेथील अनेक मूळ घरे जाऊन त्या जागी मोठी घरे आली, यावरून मूळ रचनाकाराने ओळखलेली गरज किती खरी होती, हे दिसते. बहुमजली इमारतीत ही सोय नसते. तिथे एकाची जमीन म्हणजे दुसऱ्याचे छत असते.

सिंगापूरने हा प्रश्न नियमांच्या स्पष्टतेने हाताळला आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या तेथील गृहनिर्माण व विकास मंडळाच्या घरांत देशातील बहुसंख्य लोक राहतात. भिंत पाडण्यासाठी मंडळाची परवानगी लागते, नूतनीकरणाचे काम नोंदणीकृत ठेकेदारालाच देता येते आणि नव्या इमारतीत पहिली तीन वर्षे न्हाणीघराच्या मूळ फरशा काढता येत नाहीत, कारण त्याखालील वॉटरप्रूफिंग बिघडू नये. तोडफोडीच्या आवाजाचे काम आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळी नऊ ते सायंकाळी पाच याच वेळेत करता येते. काय चालते व काय नाही, हे रहिवाशाला काम काढण्याआधीच समजते.

काम काढण्यापूर्वी

घराचे नूतनीकरण करू इच्छिणाऱ्यांनी काही गोष्टी आवर्जून कराव्यात. मंजूर नकाशाची प्रत सोसायटीकडून किंवा प्राधिकरणाकडून मिळवावी. डेकोरेटर आणि परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनीअर या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, हे ध्यानात ठेवून भिंत, स्लॅब वा संडासाशी संबंधित कामाबाबत इंजिनीअरचे लेखी मत घ्यावे. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींचे संरचनात्मक परीक्षण बंधनकारक आहे. त्याचा अहवाल काम सुरू करण्याआधी वाचावा. फरशी बदलायची असल्यास जुनी काढूनच नवी बसवावी, हलक्या टाइल्स व पातळ थर निवडावा, राडारोडा रोजच्या रोज खाली न्यावा आणि साहित्य एकदम वर चढवू नये. खालच्या घरातील छताला तडे, फुगवटा किंवा उघड्या सळ्या आहेत का, हे त्या कुटुंबाच्या संमतीने पाहून घ्यावे. तसे काही आढळल्यास स्लॅबची दुरुस्ती आधी आणि फरशी नंतर.

सोसायटीच्या कार्यकारिणीनेही केवळ अनामत रक्कम घेऊन मोकळे होऊ नये. काम चालू असताना एकदा तरी प्रत्यक्ष पाहणी करावी. शेजाऱ्याला शंका आली तर त्याने लेखी तक्रार करावी. त्याला भांडखोर ठरवण्याआधी त्याचे कुटुंब त्याच स्लॅबखाली झोपते, याचा विचार व्हावा.

प्राधिकरणांकडूनही एक अपेक्षा आहे. सोडतीत लागलेल्या घराचा ताबा देताना किल्लीबरोबर एका पानाचा सोपा मराठी नकाशा द्यावा. कोणती भिंत भार वाहते, कुठे खाच मारू नये, स्लॅबवर किती वजन चालते आणि परवानगीसाठी कोणाकडे जावे, एवढेच त्यावर असावे. घर मिळाल्याच्या आनंदात तो कागद कदाचित कपाटात जाईल. पण वीस वर्षांनी भिंत पाडायला कामगार दारात उभे राहतील, तेव्हा तो शोधून वाचता येईल.